हरीण कुणाचं, पीक कुणाचं?

अमेरिकेत काही वर्षं काढलेल्या बहुतेक मराठी घरांत ही गोष्ट घडून गेलेली असते. मे महिन्यात हौसेनं फुलझाडं लावलेली असतात, जूनमध्ये टोमॅटो, मिरची, भारतातून आणलेल्या बियांची गवार. आणि एका सकाळी हातात चहाचा कप घेऊन मागचं दार उघडावं, तर नुसती देठं उभी! पहिल्या वर्षी आपण त्या हरणांचे फोटो काढून कौतुकानं घरी पाठवतो. तिसऱ्या वर्षी झाडांना साबणाच्या वड्या टांगतो. पाचव्या वर्षी रात्री हायवेवर एखादं गाडीसमोर येतं, आणि मग विमा कंपनीच्या माणसाशी बोलताना आपणच विचारतो, इतकी हरणं आली तरी कुठून?

मीही हा प्रश्न बरीच वर्षं उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारत होतो. एका ऑगस्टमध्ये मात्र त्याचं उत्तर शोधण्याची वेळ आली.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. गावाबाहेर सात एकर जागा आहे, त्यातली पाच एकर नुसती झाडी. तिच्यापलीकडे शेजाऱ्यांचं शेत, एका वर्षी मका, दुसऱ्या वर्षी सोयाबीन. शेजारी सत्तरीचे आहेत, त्यांचे वडीलही हीच जमीन कसायचे. त्या संध्याकाळी ते दारात आले ते हातात एक कागद घेऊनच. म्हणाले, "हरणं दिवसभर तुमच्या झाडीत बसतात आणि रात्री माझ्या शेतात जेवतात. माझ्याकडे येणारे शिकारी तुमच्या हद्दीत पाऊल टाकू शकत नाहीत, कारण तुम्ही पाट्या लावल्या आहेत. ऑक्टोबरमध्ये दोघांना धनुष्यबाण घेऊन तुमच्या झाडीत बसू द्याल का? फक्त माद्या मारतील."

पाट्या आम्हीच लावल्या होत्या, घर घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात. 'शिकारीला बंदी.' बायकोनं त्यांना चहा दिला, मी "विचार करून सांगतो" म्हणालो. ते गेल्यावर बायको म्हणाली, "विचार कसला करायचाय?" आमची बारा वर्षांची लेक खिडकीतून बघून हरणं ओळखते. त्यातल्या एका मादीचा कान फाटलेला आहे. ती काहीच बोलली नाही.

पुढचे सहा आठवडे मी या विषयावर मिळेल ते वाचत होतो. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण असा कागद उद्या तुमच्याही दारात येऊ शकतो.

पहिला प्रश्न मालकीचा. शेजाऱ्यांचं सोयाबीन खाणारं हरीण नक्की कुणाचं?

इंग्लंडमध्ये याचं उत्तर सोपं होतं, राजाचं. विल्यम द कॉन्करर या नॉर्मन राजानं १०७९ च्या सुमारास 'न्यू फॉरेस्ट' राखून ठेवलं ते स्वतःच्या शिकारीसाठी. अशा राखीव रानांलगतच्या शेतकऱ्याचं पीक हरणांनी खाल्लं तरी त्याला हात उगारायची सोय नव्हती. १२१७ च्या 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट'नं हरीण मारल्याबद्दल जीव घेण्याची किंवा अवयव तोडण्याची शिक्षा बंद केली. पण १७२३ च्या 'ब्लॅक ॲक्ट'नं हरणांच्या चोरट्या शिकारीला पुन्हा फाशीची तरतूद केली.

विल्यम पेनबरोबर अटलांटिक ओलांडून आलेल्या माणसांच्या मनात राजाच्या या राखीव रानांची आठवण ताजी होती. म्हणून १६८३ मध्ये या वसाहतीची घडी बसवताना त्यांनी लिहून ठेवलं की इथल्या रहिवाशाला स्वतःच्या जमिनीवर, आणि कुंपण न घातलेल्या इतर कुठल्याही जमिनीवर, शिकार करता येईल. १७७६ मध्ये पेनसिल्व्हेनियाची राज्यघटना झाली, तिच्यातही हे कलम आलं. राजाच्या हरणांऐवजी सगळ्यांची हरणं, असा तो बदल होता. एकोणिसाव्या शतकात त्याला न्यायालयांनी शब्द दिले. वन्यप्राणी कुणा एकाचे नाहीत, राज्य ते सर्व लोकांच्या वतीनं विश्वस्त म्हणून सांभाळतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९६ मध्ये 'गीअर विरुद्ध कनेटिकट' खटल्यात म्हटलं. तो निकाल पुढे १९७९ मध्ये आंतरराज्य व्यापाराच्या मुद्द्यावर फिरवला गेला, पण विश्वस्तपणाची कल्पना राज्यांच्या कायद्यांत टिकून आहे.

म्हणजे शेजाऱ्यांच्या शेतात रात्री जेवणारं हरीण पेनसिल्व्हेनियाच्या एक कोटी तीस लाख लोकांचं आहे. त्यात मीही आलो. जेवणाचं बिल मात्र एकटे शेजारी भरतात.

आता गोष्टीचा दुसरा भाग. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हे आपल्याला गावच्या गायरानावरून माहीत आहे. इथे हरणांचं तेच झालं. एकोणिसाव्या शतकात पेनसिल्व्हेनियाची जंगलं कापून काढली गेली. विल्यम्सपोर्ट हे गाव लाकडाच्या धंद्याची जागतिक राजधानी म्हणून मिरवत होतं, आणि कातडी कमावण्याचे कारखाने हेमलॉकच्या सालीसाठी डोंगरच्या डोंगर उघडे करत होते. हरणाचं मांस शहरांच्या बाजारात उघड विकलं जाई. कुत्री लावून, मिठाच्या चाटणीवर बोलावून, रात्री दिवा दाखवून, वर्षभर मारलं जाई. लांडगे आणि प्यूमा तर बक्षिसं लावून आधीच संपवले होते. १९०० च्या सुमारास सगळ्या अमेरिकेत मिळून पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाख उरली होती असा अंदाज आहे. हे आपल्या चितळाएवढं, पण अंगावर ठिपके नसलेलं जनावर. पेनसिल्व्हेनियात ते दिसणं ही गावभर सांगायची बातमी असे.

सुधारणेची हाक दिली ती शिकाऱ्यांनीच. त्यांच्या आग्रहामुळे १८९५ मध्ये पेनसिल्व्हेनियात 'गेम कमिशन' स्थापन झालं. दोन वर्षांनी कुत्र्यांनी आणि मिठानं होणारी शिकार बंद झाली. आयोवाचे खासदार जॉन लेसी यांच्या नावाचा केंद्रीय कायदा १९०० मध्ये आला आणि बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला नेणं गुन्हा ठरलं. १९०६ मध्ये मिशिगनहून हरणं विकत आणून इथल्या रानात सोडली गेली. आणि १९०७ मध्ये या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा कायदा झाला. शिंगं असलेला नर तेवढा मारायचा, मादीला हात लावायचा नाही. त्या वर्षी राज्यात कायदेशीर मारलेल्या हरणांची संख्या शेकड्यांत होती.

हा कायदा बरोबर होता, हे आधी मान्य करूया. हरणांत एक नर अनेक माद्यांना पुरतो. थोडे नर मारले तरी पाडसांच्या संख्येत फरक पडत नाही, मादी वाचली की कळप वाढतो. शिवाय सगळं जुळून आलं होतं. कापलेल्या जंगलांच्या जागी कोवळी झाडी उगवत होती, तिचे शेंडे हरणाच्या तोंडाच्या उंचीवर होते, लांडगे नव्हते, आणि माद्यांना अभय होतं. हरणाची मादी चांगलं खायला मिळालं तर वयाच्या पहिल्याच वर्षी गाभण राहू शकते, आणि पुढे बहुतेक वर्षी तिला जुळी होतात. याचा हिशेब मिशिगनमध्ये योगायोगानं झाला. तिथल्या 'जॉर्ज रिझर्व्ह' नावाच्या सुमारे अकराशे एकरांच्या कुंपणबंद जागेत १९२८ मध्ये चार माद्या आणि दोन नर सोडले होते. १९३३ मध्ये मोजणी झाली तेव्हा तिथे साधारण १६० हरणं होती. सहाची एकशे साठ, सहा वर्षांच्या आत.

पेनसिल्व्हेनियातही तसंच झालं. कायदा होऊन पंधरा वर्षं होतात न होतात तोच शेतकरी तक्रार घेऊन कमिशनच्या दारात उभे राहिले. तोवर कोवळी झाडीही मोठी होत आली होती. तिच्या फांद्या हरणांच्या तोंडाबाहेर गेल्या आणि खाली सावलीत काही उगवेना. एकेका हिवाळ्यात उत्तरेकडच्या डोंगरांत हरणं उपासमारीनं मेली. आता माद्या कमी करायला हव्यात हे कमिशनला दिसत होतं. १९२३ मध्ये मर्यादित भागात माद्या मारायची पहिली परवानगी निघाली. १९२८ मध्ये राज्यभर नरांची शिकार बंद ठेवून फक्त शिंगं नसलेली हरणं मारायचा हंगाम जाहीर झाला, तेव्हा शिकारीच खवळले. १९३८ मध्ये पुन्हा तसाच हंगाम झाला आणि एक लाख सत्तर हजारांवर हरणं मारली गेली. 'आता संपलीच' असा ओरडा झाला. ती संपली नाहीत.

इथे मी थोडा थांबलो. शिकाऱ्यांना जास्त शिकार करायला मिळत असताना ते विरोध का करत होते? कारण साधं आहे. वीस वर्षं ज्या बापांनी मुलांना शिकवलं होतं की मादी मारणं हे नीच काम, त्यांच्या पोटी जन्मलेली ती मुलं होती. कायदा शिकवण झाला होता, शिकवण संस्कार झाली होती. संस्कार सरकारी परिपत्रकानं बदलत नाही, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. कमिशनच्या संशोधन विभागाचे प्रमुख रॉजर लॅथम वर्षानुवर्षं लिहीत होते की माद्या मारल्या नाहीत तर जंगल मरेल आणि मग हरणंही. १९५७ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढे त्यांनी पिट्सबर्गच्या एका वृत्तपत्रात लिहिणं चालू ठेवलं.

त्यांचं म्हणणं पुढे प्रयोगानं तपासलं गेलं. वायव्य पेनसिल्व्हेनियात वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी १९७९ पासून दहा वर्षं जंगलाचे तुकडे कुंपणानं बंद करून प्रत्येकात मोजून हरणं ठेवली, चौरस मैलाला १०, २०, ४० आणि ८० या प्रमाणात. २० च्या वर गेल्यावर झाडांच्या जाती घटू लागल्या, आणि जिथे हरणं जास्त तिथे जमिनीवर नेचे तेवढे उरले, कारण हरणं नेचे खात नाहीत. आमच्या झाडीतही सगळीकडे नेचेच आहेत. त्यांच्यामुळे झाडी किती हिरवीगार दिसते म्हणून आम्ही खूश होतो! गेल्या कित्येक वर्षांत तिथे एकही नवं ओकचं झाड गुडघ्याच्या वर गेलेलं नाही, हे मला त्या सप्टेंबरात वाकून पाहिल्यावर कळलं.

ही झाली हरणांची बाजू. पण नुसती 'मारा' म्हणणारी बाजूही चुकू शकते, आणि त्याचा पुरावा याच राज्यात आहे. तो म्हणजे एल्क. एल्क हा आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा, मोठा नर तीन-चारशे किलोंपर्यंत जातो. पेनसिल्व्हेनियातले मूळचे एल्क एकोणिसाव्या शतकातच संपले होते. १९१३ मध्ये यलोस्टोनहून रेल्वेनं एल्क आणायला सुरुवात झाली, आणि १९२६ पर्यंत इकडून तिकडून मिळून १७७ एल्क सोडले गेले. यांनीही सरळ शेतांची वाट धरली. एक एल्क शेतात शिरला तर नुसता खात नाही, निम्मं तुडवतो. शेतकऱ्यांनी पिकाच्या रक्षणासाठी मारले, चोरट्यांनी मारले, आणि १९२३ ते १९३१ या काळात रीतसर शिकारही चालू ठेवली गेली. परिणाम असा की शिकार बंद करावी लागली आणि तरीही कळप सावरला नाही. १९७४ च्या मोजणीत ३८ एल्क उरले होते.

मग मात्र कमिशननं उलट्या बाजूनं सुरुवात केली. शेतांना उंच विजेची कुंपणं घालून दिली, जुन्या खाणींच्या उघड्या जमिनीवर एल्कसाठी मुद्दाम चारा पेरला, आणि १९९८ पासून शेतांजवळचे एल्क पकडून आतल्या सरकारी जंगलात नेऊन सोडले. कळप काही शेकड्यांवर गेल्यावर, सत्तर वर्षांच्या खंडानंतर, २००१ मध्ये पहिली शिकार झाली. सबंध राज्याला मिळून परवाने होते तीस, तेही सोडत काढून. आज चौदाशेच्या आसपास एल्क आहेत. शरद ऋतूत बेनेझेट गावाकडे त्यांची साद ऐकायला लोक गाड्या भरभरून जातात, आपल्यापैकीही कितीतरी जण गेले असतील. दोन्ही गोष्टींत मला एकच धडा दिसला. किती मारायची हे रागानंही ठरवता येत नाही आणि दयेनंही नाही, मोजूनच ठरवावं लागतं.

मग इतकी वर्षं मोजूनही हरणांचं गणित का सुटत नाही? माझ्या मते कारण पैशाच्या वाटेत आहे. १९१३ मध्ये पेनसिल्व्हेनियात शिकारीला एक डॉलरचा परवाना लागू झाला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. या पैशातून राज्यानं पंधरा लाख एकर जमीन वन्यजीवांसाठी घेतली आहे, आणि तिथे तुम्ही-आम्हीही फुकट फिरायला जातो. कमिशनला आजही परवान्यांचे पैसे मिळतात, करदात्याचे नाही. व्यवस्था प्रामाणिक आहे. पण तिच्यात एक गाठ आहे. हरणांचे मालक सगळे लोक, त्यांच्या सांभाळाचे पैसे भरणारा शिकारी, आणि त्यांना प्रत्यक्ष पोसणारा शेतकरी. शिकाऱ्याला रानात गेल्यावर भरपूर हरणं दिसायला हवी असतात. शेतकऱ्याला ती कमी हवी असतात. आणि आपल्यासारख्या उरलेल्या मालकांना ती खिडकीतून दिसली की पुरे.

या गाठीत हात घालणाऱ्याचं काय होतं, तेही इथे दिसलं. गॅरी ऑल्ट हे अस्वलांचे नावाजलेले अभ्यासक १९९९ मध्ये हरणांच्या विभागाचे प्रमुख झाले. त्यांनी गावोगाव सभा घेऊन सांगितलं की माद्या जास्त मारा, कोवळे नर राखा. २००२ च्या हंगामात पाच लाख सतरा हजारांवर हरणं मारली गेली, हा राज्याचा उच्चांक. त्यांना धमक्या आल्या, काही सभांना त्यांना बुलेटप्रूफ जॅकेट घालून जावं लागलं, आणि २००४ च्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे? शेतीवर पोट असलेल्याला पीक खाताना दिसलेलं हरीण मारायचा हक्क कायद्यानं आहे, पण त्याची खबर द्यावी लागते, आणि दिवसभर राबलेला माणूस रात्री बंदूक घेऊन किती जागणार? म्हणून १९३६ पासून कमिशननं शेतकऱ्यांशी करार करायला सुरुवात केली. तुम्ही जमीन शिकाऱ्यांना खुली ठेवा, आम्ही गस्त घालू आणि मदत करू. २००३ पासून जमीनमालकाला मादीच्या शिकारीची जादा कुपनं मिळू लागली, लागवडीखालच्या दर पाच एकरांना एक आणि जंगलाच्या दर पन्नास एकरांना एक. ती त्यानं आपल्या ओळखीच्या शिकाऱ्यांना द्यायची. शेतकरी ज्याला अजूनही 'रेड टॅग' म्हणतात, त्या योजनेत हंगामाबाहेरही, म्हणजे पीक कोवळं असताना, माद्या मारता येतात. सोयाबीनचं हेच दुखणं आहे. नुकतं उगवलेलं रोप हरणानं शेंड्याशी खुडलं की ते रोप गेलं. नोव्हेंबरमध्ये हरीण मारून मे महिन्यातलं रोप परत येत नाही.

पण या सगळ्या योजना एका जागी येऊन अडतात, शेजारच्या बंद जमिनीपाशी. हरणं फार लवकर शिकतात. कुठल्या झाडीत माणूस येत नाही हे त्यांना हंगामाच्या दुसऱ्या दिवशी कळतं. १९८२ मध्ये या राज्यात तेरा लाख शिकारी परवाने काढत होते, आता ती संख्या नऊ लाखांच्या खाली आहे. शेतं विकली जाऊन त्यांचे पाच-सात एकरांचे तुकडे झाले आहेत आणि त्यावर आमच्यासारखे लोक राहायला आले आहेत. आम्ही पाट्या लावतो. आपल्याला वाटतं, आपण या भांडणात कुणाच्याच बाजूनं नाही. प्रत्यक्षात पाटी ठोकली त्या दिवशीच मी एक बाजू घेतली होती, आणि तिची किंमत झाडीपलीकडचा माणूस देत होता.

त्याच सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या काकांशी फोनवर बोलणं झालं. त्यांच्याकडेही सोयाबीन असतं, आणि रोही असतात. रोही म्हणजे नीलगाय, शास्त्रानुसार हरीण नव्हे, कुरंग, पण सोयाबीनला त्यानं काही फरक पडत नाही. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर माळ्यावर बसून डबा वाजवत जागल केलेली आहे. इकडची हकिगत सांगितल्यावर ते म्हणाले, "काऊन रे, तिकडंबी रोही हायेत का? मंग मारू देतेत का?" मी म्हटलं, देतात, परवाना काढून. ते हसले. "आमाले कागद भेटते. बंदूक कोठची आनू?"

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली, आणि त्या वेळी ते आवश्यकच होतं, जसा इथे १९०७ चा कायदा आवश्यक होता. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं पिकांची नासाडी करणारे रोही आणि रानडुकरं मारायच्या परवानगीची पद्धत ठरवली. २०१६ मध्ये बिहारमध्ये रोही मारले गेले तेव्हा प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी हे एकाच सरकारातले दोन मंत्री जाहीरपणे एकमेकांविरुद्ध बोलले. दोन्ही देशांच्या पद्धती फार वेगळ्या आहेत. तिकडे नुकसानभरपाईचा अर्ज असतो, इकडे शिकारी स्वतः पैसे भरून येतो. इकडची पद्धत तिकडे लावा असं मी म्हणणार नाही, तिकडची परिस्थिती, जमीन आणि माणसं वेगळी. पण काकांच्या आणि शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा मला एकच वाटला. दोघांचंही म्हणणं एवढंच की जनावर सगळ्यांचं असेल तर त्याचं ओझंही सगळ्यांनी थोडं थोडं उचलावं.

सप्टेंबरच्या शेवटी मी शेजाऱ्यांकडे गेलो. आमच्या काही शंका होत्या, तुमच्याही असतील म्हणून लिहितो. घरापासून किती लांब? धनुष्यबाणाला राहत्या घरापासून पन्नास यार्ड आणि बंदुकीला दीडशे यार्ड अंतर कायद्यानं ठेवावं लागतं. कुणाला आपल्या जागेत इजा झाली तर? १९६६ च्या कायद्यानं, पैसे न घेता जमीन खुली करणाऱ्याची जबाबदारी बरीच मर्यादित केली आहे, तरी आपल्या वकिलाला विचारावं. मांसाचं काय? 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट' ही संस्था १९९१ पासून शिकाऱ्यांनी दिलेलं मांस गरजूंच्या अन्नछत्रांना पोहोचवते. बायकोची एक अट होती. कोण येणार, कधी येणार, हे आधी कळलं पाहिजे, आणि शनिवार-रविवार नको. शेजाऱ्यांनी सगळं मान्य केलं. मी सही केली, एका हंगामापुरती, फक्त माद्यांसाठी.

ऑक्टोबरमध्ये दोघं आले. त्यातला एक शाळेची बस चालवतो. पहाटे अंधारात येत, झाडावर बसत, आणि बसची वेळ झाली की निघून जात. आम्हाला आवाजसुद्धा येत नसे. हंगामात त्यांनी आमच्या झाडीत चार माद्या मारल्या, त्यातल्या दोन अन्नछत्राला दिल्या. एकदा मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडे नेत असताना ते एका मादीला ओढत बाहेर आणत होते. तिचे डोळे उघडे होते. मी सही केली होती म्हणून ती तिथे पडली होती, आणि हे मला माझ्यापासून लपवता आलं नाही, लपवावं असंही वाटलं नाही.

लेकीनं रात्री विचारलं, "बाबा, ती फाटक्या कानाची होती का?" मी नीट पाहिलं नव्हतं. तसंच तिला सांगितलं.

चार माद्यांनी शेजाऱ्यांचा प्रश्न सुटलेला नाही. त्यांच्या दुसऱ्या बाजूला नवी वसाहत होते आहे, आणि तिथेही पाट्या लागतील. तुम्हाला हे पटलं पाहिजे असं नाही. आमच्याच मित्रमंडळीत दोन घरांनी आमच्याशी वाद घातला, आणि त्यांचा मुद्दा मला समजतो. शिकारीला परवानगी द्यायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. एवढंच सांगेन, की तुमच्या झाडीला लागून कुणाचं शेत असेल तर पाटी ठोकण्याआधी एकदा तिकडे जाऊन या. कुंपणाशी उभं राहून विचारा, यंदा पीक किती आलं.

या वर्षीचा कागद परवा आला. त्यावर अजून सही केलेली नाही. या वेळी लेक म्हणाली आहे की सही करण्याआधी तिला शेजाऱ्यांच्या शेतात जाऊन सोयाबीन बघायचं आहे. रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत.